लेझर मीटर आणि टेपचं माप जुळत नाही: दोष कुठे शोधायचा

इंटिरियरच्या कामात ही तक्रार सारखी कानावर येते. लेझर मीटर (किरण सोडून अंतर मोजणारं यंत्र) भिंतीला लावला तर खोली 3642 मिमी, सुतारानं टेप धरली तर 3621, पुन्हा लेझर लावला तर 3645. मग एक जण मशीनला दोष देतो, दुसरा टेपला, आणि वॉर्डरोबचं माप दोन्हींच्या मधलं काहीतरी धरून कारखान्याला जातं. कृपा करून असं करू नका. वरच्या तिन्ही आकड्यांत मशीनचा किंवा टेपचा काहीही दोष नसू शकतो. मधलं धरलेलं माप मात्र खोलीत कुठेच सापडत नाही.

चांगल्या कंपनीचा साधा लेझर मीटर 1.5 ते 2 मिमीच्या आत अचूक असतो. दुसऱ्या दर्जाची 5 मीटरची स्टील टेप (पट्टीच्या सुरुवातीला रोमन आकड्यात दोन छापलेलं असतं ती) पूर्ण लांबीला साधारण 1.3 मिमी इकडेतिकडे चालते. म्हणजे दोन्ही साधनं धडधाकट असतील तर त्यांच्यात फार तर सूतभर, 3 मिमीच्या आसपास फरक पडेल. त्याहून मोठा फरक दिसला की दोष बहुतेक वेळा माप घ्यायच्या पद्धतीत असतो, आणि तो हमखास शोधता येतो.

त्यासाठी फरक किती आला यापेक्षा तो कसा वागतो ते आधी बघा. फरशीवर टेप सरळ पसरा, शून्याशी मीटरची मागची कड लावा आणि समोर प्लायचा तुकडा गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उभा धरा. मीटर थेट फरशीवर ठेवला तर किरण फरशीला घासतो, म्हणून त्याखाली टाइलचा एखादा तुकडा सरकवा. आता अर्धा मीटर, दोन मीटर आणि पाच मीटर अशा तीन अंतरांवर दोन्ही मापं घ्या आणि फरक कागदावर लिहा. तिन्हीकडे तेवढाच फरक येत असेल तर शून्य चुकतंय. अंतराबरोबर फरक वाढत जात असेल तर कुणीतरी तिरकं आहे, किंवा टेप ताणलेली आहे (कापडी आणि फायबरच्या टेपा वापरून वापरून ताणतात). फरकाला काही ताळतंत्रच नसेल तर ठिपका पडतोय तो पृष्ठभाग, ऊन किंवा हात बघा. आणि इथे सगळं जुळलं, खोलीत मात्र जुळत नाही, तर लेझर आणि टेप खोलीतल्या दोन वेगळ्या जागा मोजतायत.

शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो, म्हणून आधी तोच.

दोघं वेगळी जागा मोजतात

टेप बहुतेक वेळा जमिनीलगत लावली जाते, कारण ती तिथे पसरायला सोपी. लेझर छातीच्या उंचीवर धरला जातो, कारण तसा तो धरायला सोपा. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये जमिनीलगत स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेली फरशीची पट्टी असते. फरशीची 8 ते 10 मिमी जाडी आणि तिच्यामागचा माल धरला तर ती पट्टी भिंतीतून सहज सेंटिमीटरभर बाहेर असते. दोन्ही बाजूंचं मिळून 20 ते 25 मिमी. वरच्या उदाहरणातला 3642 आणि 3621 मधला 21 मिमीचा फरक अगदी असाच येतो. दोन्ही मापं खरी असतात. वॉर्डरोबच्या पायाला स्कर्टिंगमधलं माप लागतं, वरच्या कपाटाला भिंतीमधलं, आणि दोन्ही लिहून घ्यायला हवीत.

स्कर्टिंग नसेल तर गिलावा बघा. भिंत ओळंब्यात नसते, तिला मध्येच पोट आलेलं असतं, कोपरा गुण्यात नसतो. भिंतीच्या खाचेत बसवायच्या कपाटाचं माप घेताना तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर पुढे आणि मागे असं माप घ्या. समजा वर 1824, मध्ये 1818, खाली 1829 मिमी आलं. हे बघून मीटर डळमळतोय असं वाटतं. ते तपासायला एकाच जागी, मीटर न हलवता, चार-पाच वेळा बटण दाबा. आकडा मिलिमीटरभराच्या आत तोच येत राहिला तर मीटर पक्का आहे आणि भिंत वाकडी. कपाट 1818 च्या हिशेबानं, त्यातूनही सरकवायला जागा सोडून करायचं आणि उरलेली फट फिलर पट्टीनं झाकायची. सरासरी काढून 1824 चं कपाट केलं तर ते मध्यावर अडकणार.

कोपऱ्याचंही तसंच. कोपऱ्यातला गिलावा बहुतेक वेळा आतून गोलसर असतो. मीटर अगदी कोपऱ्यात खुपसला की त्याची कड त्या गोलाईवर टेकते आणि माप कमी येतं. कोपऱ्यापासून दोन-तीन इंच सरकून माप घ्या. खोली गुण्यात आहे का हे बघायचं तर दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले नाहीत तर कोपरे काटकोनात नाहीत, आणि ओट्याचा ग्रॅनाइट कापायच्या आधी हे कळलेलं बरं.

टेपची एक खोड इथेच सांगतो. टेपचा हूक थोडा सैल असतो, तो मुद्दाम तसा केलेला असतो. ओढून मोजताना तो स्वतःच्या जाडीएवढा बाहेर येतो आणि टेकवून मोजताना तेवढाच आत जातो. त्याला ठोकून घट्ट करणारे मिस्त्री मी पाहिलेत. तसं केलं की आतलं किंवा बाहेरचं, यांपैकी एक माप कायमचं मिलिमीटरभर चुकतं. शिवाय भिंत ते भिंत मोजताना टेप समोरच्या कोपऱ्यात वाकवून जो आकडा वाचला जातो तो अंदाजच असतो. टेपची डबी भिंतीला टेकवून डबीवर छापलेली तिची लांबी मिळवा.

फरक सगळीकडे तेवढाच: शून्य कुठून?

लेझर मीटरला माप कुठून सुरू करायचं ते सांगावं लागतं. मागच्या कडेपासून, पुढच्या कडेपासून, ट्रायपॉडच्या आट्यांपासून, आणि काही मॉडेलांत मागे उघडणाऱ्या छोट्या पट्टीच्या टोकापासून. स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात मीटरचं बारीकसं चित्र असतं आणि त्यात कोणती कड धरली आहे ते दिसतं. तीन अंतरांवर फरक सारखाच आणि तो 100 ते 120 मिमीच्या आसपास, म्हणजे जवळपास मीटरच्या स्वतःच्या लांबीएवढा असेल, तर पुढे शोधायची गरजच नाही. चुकून ते बटण दाबलं गेलंय.

काही मीटर बंद करून चालू केले की आपोआप मागच्या कडेवर येतात, काही शेवटची निवड लक्षात ठेवतात. आपला कोणत्या जातीचा आहे ते एकदा तपासून ठेवा. एकच मीटर साइटवर तिघं-चौघं वापरत असतील तर प्रत्येकानं हातात घेतल्यावर आधी त्या चित्राकडे बघायचं. मागची पट्टी उघडलेली आहे हे काही मॉडेलं आपोआप ओळखतात, काहींना सांगावं लागतं.

फरक सारखाच पण 4-5 मिमीचा असेल तर मीटरचं शून्यच सरकलंय का ते बघावं लागतं. त्याला टेपचीही गरज नाही. सर्व्हेअर लोक दूरमापक यंत्रांसाठी जी जुनी युक्ती वापरतात तीच इथे चालते. लांब, सपाट टेबलावर किंवा पॅसेजमध्ये एका सरळ रेषेत अ, ब, क अशा तीन खुणा करा. मीटर अ वर ठेवून ब पर्यंत आणि क पर्यंतचं माप घ्या, मग मीटर ब वर ठेवून क पर्यंतचं घ्या. अ-ब आणि ब-क ची बेरीज अ-क एवढी यायला हवी. मीटर प्रत्येक मापात 5 मिमी जास्त दाखवत असेल तर बेरजेत ते दोनदा येतात आणि अ-क मध्ये एकदाच, त्यामुळे बेरीज 5 मिमीनं जास्त दिसते. तोच मीटरचा कायमचा दोष. प्रत्येक माप तीन-तीनदा घेऊन सरासरी धरा, म्हणजे हाताचा दोष यात मिसळणार नाही.

काही मीटरांच्या सेटिंगमध्ये असे चार-पाच मिलिमीटर मिळवायची किंवा वजा करायची सोय असते. ही चाचणी केल्याशिवाय त्या सेटिंगला हात लावू नका. पद्धतीतला दोष मशीनमध्ये भरला की त्यानंतरचं एकही माप भरवशाचं राहत नाही.

अंतराबरोबर वाढणारा फरक: तिरकेपणा

मीटर तिरका झाला की माप नेहमी वाढतं, कधीच कमी होत नाही. हे लक्षात ठेवलं तर अर्धा शोध तिथेच संपतो.

जवळून बघू. मीटरची मागची कड साधारण साडेचार सेंटिमीटर रुंद असते. भिंतीवर गिलाव्याचा किंवा पुट्टीचा 2 मिमीचा दाणा आहे आणि कडेचं एक टोक त्यावर चढलं. मीटर सुमारे अडीच अंश फिरला. 4 मीटरवर समोरचा ठिपका जवळजवळ 18 सेमी बाजूला सरकतो आणि माप 4 मिमीच्या आसपास वाढतं. सूतभराहून जास्त, आणि तेही डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या दाण्यामुळे. म्हणून मीटर टेकवायच्या जागेवरून आधी बोट फिरवा, खरखरीत लागलं तर पट्टीनं खरवडा. वरच्या उदाहरणातले 3642 आणि 3645 असेच आले असणार. त्या अंतरावर ठिपका 15 सेमी सरकला की 3 मिमी वाढतात.

उपाय मीटरमध्येच असतो, पण फार थोडे लोक तो वापरतात. बटण काही वेळ दाबून ठेवलं की सतत मोजणं सुरू होतं आणि स्क्रीनवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त माप दिसत राहतं. मागची कड एका जागी टेकवून मीटर सावकाश वर-खाली, डावीकडे-उजवीकडे फिरवा. दोन भिंतींमधलं काटकोनातलं अंतर म्हणजे त्यातला सगळ्यात कमी आकडा. कर्ण मोजताना उलट: कोपऱ्याच्या आजूबाजूला ठिपका फिरवून सगळ्यात जास्त आकडा घ्या.

स्लॅबची उंची मोजतानाही हेच करा. आणि वर नीट बघा, ठिपका स्लॅबवरच पडलाय ना. बीमवर, पंख्याच्या पात्यावर किंवा लोंबणाऱ्या वायरीवर पडला तर माप कमी येईल. अडथळ्यामुळे माप कमी होतं, तिरकेपणामुळे वाढतं.

मीटरमध्ये त्रिकोणाचं चिन्ह असलेली, पायथागोरसच्या सूत्रानं उंची काढणारी सोय असते. जिथे मीटर टेकवताच येत नाही तिथे ती कामाची आहे, पण तिच्या भरवशावर फर्निचर कापू नका. समजा आडवं अंतर 5 मीटर आणि तिरकं 5.10 मीटर मोजलं, तर उंची सुमारे 1.005 मीटर निघते. तिरक्या मापात नुसता 1.5 मिमीचा दोष असला तरी उंचीत तो साडेसात मिमीपर्यंत जातो. मोजायच्या उंचीच्या मानानं तुम्ही जितके लांब उभे, तितका दोष वाढतो. जवळ जा. अंदाजपत्रकासाठी किंवा रंगाच्या क्षेत्रफळासाठी असं माप चालतं.

आकडा नाचतो, किंवा येतच नाही

मीटर किरण पाठवतो आणि परत आलेल्या उजेडाशी त्याची तुलना करून अंतर काढतो. उजेड परत आलाच नाही, किंवा भलत्याच ठिकाणाहून आला, तर आकडा भलताच येणार. बाल्कनीच्या काचेच्या दारातून किरण सरळ निघून जातो आणि समोरच्या इमारतीचं अंतर दिसतं. आरशावर पडला तर आरशात दिसणाऱ्या वस्तूपर्यंतचं माप येतं. काळा पॉलिश ग्रॅनाइट आणि चकचकीत लॅमिनेट किरण दुसरीकडेच परतवतात. थर्माकोल आणि फोममध्ये किरण थोडा आत शिरतो आणि माप जास्त येतं. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्याची भिंत गिलाव्याविना ठेवतात; तिथे ठिपका चिऱ्याच्या भोकात पडला की आकडा खाली-वर होणारच.

या सगळ्यांवर एकच उपाय पुरतो: ठिपका पडतो तिथे पांढरा, चकाकी नसलेला कागद किंवा मास्किंग टेपचा तुकडा लावा. कागदाची जाडी धरायची गरज नाही. प्लायचा तुकडा लावला तर त्याची जाडी मात्र मिळवायची. आरसा असलेल्या खोलीत कुणाच्या डोळ्यांत किरण जात नाही ना हेही बघा. हे मीटर दुसऱ्या वर्गाच्या लेझरचे, एक मिलिवॅटच्या आतले असतात, डोळा आपोआप मिटतो. तरी लहान मुलांच्या हातात ते देऊ नयेत.

उन्हात तर फार जण मशीन खराब ठरवून मोकळे होतात. पेटीवर लिहिलेले 40 किंवा 50 मीटर हे बंद जागेतले, चांगल्या पृष्ठभागावरचे असतात. भर दुपारी गच्चीवर त्याच्या निम्मंही मिळेलच असं नाही, कारण परत येणारा क्षीण उजेड सूर्यप्रकाशात बुडतो. लाल चष्म्यानं तुम्हाला ठिपका दिसायला मदत होते; मशीनला त्याचा काही उपयोग नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी मोजा, नाहीतर समोर टार्गेट प्लेट धरा. माप येत नसेल तर स्क्रीनवर चुकीचा क्रमांक दिसतो: लायका कंपनीच्या डिस्टो मीटरांच्या बऱ्याच मॉडेलांत 255 म्हणजे परतणारा उजेड कमी, 256 म्हणजे तो जास्त, 257 म्हणजे आजूबाजूचा उजेड फार, आणि 252 म्हणजे मीटर तापलाय. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे असू शकतात, माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर ते असतात.

तापण्याचं मनावर घ्या. बऱ्याच मीटरांची मर्यादा 40 ते 50 अंशांपर्यंत असते, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला मीटर ती केव्हाच ओलांडतो. सावलीत पंधरा-वीस मिनिटं ठेवला की तो पुन्हा चालतो. हवा गरम म्हणून लेझरचं माप वाढतं हा समज मात्र खरा नाही. 20 अंशांच्या फरकानं 10 मीटरमध्ये 0.2 मिमी एवढाच परिणाम होतो. स्टीलची टेप त्यापेक्षा जास्त वाढते, 5 मीटरमध्ये एक मिमीच्या वर.

पावसाळ्यात एसी खोलीतून बाहेर आलात की भिंगावर वाफ धरते, ती आपोआप जाऊ द्या. पीओपी घासायचं काम चालू असेल तर भिंगावर पांढरी भुकटी बसते. आधी फुंकणीनं उडवा, मग मऊ कापडानं पुसा. भुकटी असतानाच पुसलं तर भिंगावर चरे पडतात, आणि ते जात नाहीत.

माप बरोबर, आकडा चुकीचा वाचला

मीटर फुटांत ठेवला असेल तर 10.5 म्हणजे 10 फूट 6 इंच. तो 10 फूट 5 इंच म्हणून सुताराला सांगितला की इंचाचा घोळ झाला. काही मीटर दशांश फूट दाखवतात, काही फूट-इंच-अपूर्णांक, काही दोन्ही. अपूर्णांक असेल तर इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, सोळावा म्हणजे अर्धं सूत. माझं स्पष्ट मत आहे की कारखान्यात जाणारं प्रत्येक माप मिलिमीटरमध्येच लिहावं आणि साइटवरच्या सगळ्यांनी मीटर त्याच एककावर ठेवावा. जुन्या मिस्त्रींना सूत सोयीचं वाटतं हे मान्य. त्यांच्यासाठी बाजूला लिहून द्या, 1 सूत म्हणजे 3.175 मिमी.

फ्लॅट आणि प्लॉट

घर घेणारे लोक हल्ली लेझर मीटर घेऊन खोल्या मोजतात, बेरीज करारातल्या कार्पेट एरियापेक्षा कमी येते, आणि ते घाबरतात. 2016 च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येनुसार कार्पेट एरियात घराच्या आतल्या पार्टिशन भिंतींची जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात येत नाही. खोली-खोली मोजताना आतल्या भिंतींची जागा सुटून जाते. 3 मीटर लांब आणि 125 मिमी जाड भिंत म्हणजे 4 चौरस फूट. अशा पाच-सहा भिंती सहज असतात. त्या मिळवा, दारांच्या चौकटींतली जागा मिळवा, आणि मग करार उघडा. महारेराच्या नमुना करारात कार्पेट एरियात 3 टक्क्यांपर्यंतचा फरक धरलेला आहे. मीटरच्या अचूकतेचा यात काही संबंध येत नाही: 3 बाय 4 मीटरच्या खोलीत दोन्ही मापं 3 मिमीनं चुकली तरी क्षेत्रफळ पाव चौरस फुटानंसुद्धा बदलत नाही. वीस चौरस फुटांची तूट उरत असेल तर ती मीटरमुळे नाही, बिल्डरकडे जरूर मांडा.

प्लॉटवर उताराचं भान ठेवा. साधा मीटर जमिनीच्या उताराला धरून तिरकं अंतर दाखवतो. 10 अंशांच्या उतारावर 20 मीटरचं माप आडव्यात 19.70 मीटर होतं, 30 सेमीचा फरक. कोन मोजणारा मीटर असेल तर आडवं अंतर दाखवायची सोय वापरा. 33 बाय 33 फुटांचा एक गुंठा तपासायला एवढं पुरेल, हद्दीचा वाद असेल तर नाही. हद्द भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीनंच ठरते.

दुरुस्तीला कधी पाठवायचा

मीटर उंचावरून पडला आणि त्यानंतर अ-ब-क चाचणीत 3 मिमीपेक्षा जास्त फरक सतत येऊ लागला, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. ठिपका गोल न दिसता फाटलेला किंवा बाजूला शेपूट असल्यासारखा दिसत असेल तरीही. त्याआधी सेल बदलून बघा. रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचे असतात, साधे अल्कलाइन 1.5 चे, काही मीटर पहिल्यांवर चालताना बॅटरी संपल्याचा इशारा देतात आणि मधेच बंद पडतात. खरेदीची पावती जपून ठेवा, आणि पाठवताना तीन अंतरांवरच्या फरकांचा तो कागद सोबत जोडा, म्हणजे 'आमच्याकडे तर बरोबर दाखवतोय' म्हणून मीटर तसाच परत येणार नाही.